लिपोमा की लिम्फोमा? गाठीच्या नावाची गोष्ट

आपण साहित्य मंडळाची माणसं, शब्दांवर तासन्‌तास बोलतो. पण एक अक्षर चुकलं तर काय होतं, ते मला आमच्या घरातच कळलं. काकांच्या मानेला गाठ आली होती. तुकडा तपासायला दिला. चुलतभावाने फोनवर निकाल ऐकला आणि घरी सांगितलं, "लिपोमा म्हणालेत की. चरबीची गाठ, काय होत नाही." सगळे निर्धास्त झाले. दीड महिना कागद कपाटातच पडून होता. पुढे डॉक्टरांनी तो वाचला, तर त्यावर 'लिम्फोमा' असं लिहिलं होतं.

लिपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. मग ही नावं ठरतात तरी कशी?

मूळ नियम सोपा आहे. गाठ ज्या ऊतीतून निघाली तिचं नाव घ्यायचं आणि पुढे 'ओमा' हा ग्रीक प्रत्यय लावायचा. चरबीची लिपोमा, हाडाची ऑस्टिओमा, कूर्चेची काँड्रोमा, ग्रंथीची अ‍ॅडिनोमा. गर्भाशयातल्या ज्या गाठीला आपण फायब्रॉइड म्हणतो, तिचं शास्त्रीय नाव लायोमायोमा. या सगळ्या सौम्य.

घातक गाठींची मुख्य घराणी दोन. त्वचा, आतड्याचं अस्तर, ग्रंथी अशा आवरण ऊतींतून निघाली तर कार्सिनोमा. हाड, चरबी, स्नायू यांतून निघाली तर सार्कोमा. म्हणून ग्रंथीची घातक गाठ अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि चरबीची लिपोसार्कोमा. ग्रीक भाषेत 'कार्किनोस' म्हणजे खेकडा आणि 'सार्क्स' म्हणजे मांस. आपल्या 'कर्करोग' शब्दातला कर्कही खेकडाच.

आता नियम मोडणारी नावं बघा. लिम्फोमा, मेलॅनोमा, मायलोमा, सेमिनोमा, मेसोथेलिओमा यांच्या शेवटी नुसतं 'ओमा' आहे, तरी हे सगळे कर्करोगच. उलट हेमॅटोमा म्हणजे फक्त साकळलेलं रक्त. ग्रॅन्युलोमा क्षयरोगातही दिसतो, ती दाहामुळे जमलेल्या पेशींची गाठ. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, तिथे तर गाठच नसते. आणि ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, त्याच्या नावात 'ओमा' नाही. म्हणजे नुसतं शेपूट बघून घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही.

मग पॅथॉलॉजिस्ट सौम्य आणि घातक ओळखतात कशावरून? तुकड्याचे अगदी पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. सौम्य गाठीतल्या पेशी मूळ ऊतीसारख्याच दिसतात. गाठ बहुधा हळू वाढते, शेजारच्या भागाला ढकलते, पण त्यात घुसत नाही. पुष्कळदा तिच्याभोवती वेष्टणही असतं. घातक गाठीत पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या असतात. केंद्रकं मोठी आणि गडद असतात, विभाजन जास्त आणि अनेकदा विचित्र असतं. त्या आसपास घुसतात. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे रक्तातून किंवा लसिकेतून दूरच्या अवयवात जाऊन रुजणं. सौम्य गाठ असं करत नाही.

तरी 'सौम्य' म्हणजे निरुपद्रवी असंही नव्हे. मेनिंजिओमा बहुतेक वेळा सौम्य असते. पण कवटीच्या आत जागाच कमी, त्यामुळे ती मेंदूवर दाब आणू शकते. उलट त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा घातक गटातला, पण तो दूर पसरणं फार दुर्मीळ. नाव महत्त्वाचं, तशी जागाही महत्त्वाची.

काकांवर उपचार झाले. आता बरे आहेत. पण तो दीड महिना चुलतभावाला अजून सलतो. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. कागद आम्ही कुणीच उघडून बघितला नव्हता. म्हणून एवढंच सांगते: अहवाल फोनवर ऐकून सोडू नका. कागद हातात घ्या, पूर्ण नाव अक्षर लावून वाचा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "ही गाठ सौम्य की घातक? पुढे काय करायचं?" कवितेत एका अक्षराला आपण जपतोच. इथेही जपूया.