सोबती दोघे, शिक्षा वेगळी का?

शास्त्रभाग : निर्गम २१:२८-३६, अनुवाद २५:१-३

समजा, दोन तरुणांनी मिळून एका खळ्यावरून चार हजार रुपयांच्या शेंगा चोरल्या. पुढे माल परत केला. एकाचा हा पहिलाच गुन्हा. दुसऱ्याला चोरीबद्दल याच कलमाखाली पूर्वी शिक्षा झालेली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे पहिल्याच्या वाट्याला सामुदायिक सेवा येते, दुसऱ्याच्या वाट्याला निदान एक वर्ष सक्तमजुरी. दुसऱ्याची आई विचारील, "चोरी एकच ना? मागची शिक्षा त्यानं भोगली, मग ती पुन्हा का मोजता?" शिक्षकांनी हा प्रश्न झटकून टाकू नये.

निर्गमातला मारका बैल पाहा. बैलाने माणसाला ठार केले तर बैलाला धोंडमार होतो, पण धनी निर्दोष सुटतो. मात्र बैल आधीपासून मारका असून, आणि तसे सांगितले असूनही, धन्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर धन्यावरही मरणदंड येतो. मग खंडणी ठरवली तरच जीव सुटतो. शिंगाचा घाव दोन्ही वेळा सारखाच. फरक आहे तो धन्याला मिळालेल्या सूचनेचा. मागचा दोष येथे पुन्हा मोजलेला नाही; सूचना मिळूनही आज केलेली हयगय मोजली आहे. त्या आईला एवढे तरी उत्तर देता येते.

पण सूचना खरोखर मिळालेली हवी. म्हणून कलम पूर्वी सिद्ध झालेला गुन्हा मागते. गावातली कुजबुज त्याला चालत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमके उलटे केले. जन्मालाच पूर्वेतिहास ठरवला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणात राहिली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय काही त्याच्याबरोबर गेला नाही.

अनुवादात आणखी एक बंधन आहे. फटके अपराधाच्या मानाने, न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर, आणि चाळिसांच्या वर नाहीत. कारण फटके खाणारा अजून बंधूच आहे. सराईतालाही ही मर्यादा लागू होते.

वर्गात मोठ्या मुलांपुढे हे ठेवावे : बेत नवख्यानेच आखला असेल आणि सराईत नुसता पोते धरून उभा राहिला असेल, तर? कलमाच्या मोजमापात त्याची कोरी पाटीच जड ठरते. मुले काय म्हणतात ते आधी ऐकून घ्या.