शेपटी काय सांगते?

मुलांनो, गावाबाहेर हिंडणारी डुकरे तुम्ही पाहिली असतील. ती एका जागी स्वस्थ उभी राहत नाहीत. सारखी माती उकरतात, पालापाचोळा उलथतात, मुळे आणि किडे शोधून खातात. डुकराच्या नाकाचा शेंडा चपटा आणि टणक असतो, पण तो फार हळवाही असतो. हे नाक म्हणजे त्याची कुदळ आणि त्याचा हात, दोन्ही. काही लोक डुकराला घाणेरडे म्हणतात. पण त्याला घाम फारसा येत नाही, म्हणून अंग गार करायला ते चिखलात लोळते. पुरेशी जागा मिळाली, तर ते आपल्या निजण्याच्या जागी घाण करत नाही.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराजवळ शास्त्रज्ञांनी काही डुकरे झाडाझुडपांच्या मोकळ्या रानात ठेवली. त्यांना रोजचे खाणे मिळत होते. तरीही दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ ती जमीन उकरत आणि चरत. पोट भरले तरी नाकाला काम हवेच असते!

आता आपण अमेरिकेतील ओहायो राज्यात जाऊ. तेथे कोलंबस शहराजवळ डब्लिन नावाचे गाव आहे. भारतातून गेलेली अनेक कुटुंबे तेथे राहतात. या गावात एक गंमत आहे. १९९४ साली तेथे एका मोकळ्या जागेत मक्याची १०९ कणसे उभी केली. ती सिमेंटची आहेत आणि माणसाएवढी उंच आहेत! ओहायोत मका आणि सोयाबीन फार पिकतात. त्यांतले पुष्कळसे धान्य जनावरांना, विशेषतः डुकरांना घालतात. म्हणून या राज्यात डुकरे पाळण्याचा मोठा धंदा आहे.

तेथील बहुतेक डुकरे लांबच लांब बंद गोठ्यांत राहतात. शेण खाली पडावे म्हणून जमीन फटी असलेल्या सिमेंटची असते. तेथे माती नाही, पाला नाही, मुळे नाहीत. दळलेले खाणे समोर तयार असते. थोड्या वेळात ते खाऊन होते. मग उरलेल्या दिवसभर त्या नाकाने करायचे काय?

समोर शेजारच्या डुकराची शेपटी हलत असते. एखादे डुक्कर ती सहज तोंडात धरते, चघळते. तेव्हा दुखत नाही, म्हणून शेजारीही हलत नाही. पण एखाद्या दिवशी दात जरा जोरात लागतो आणि रक्त येते. रक्ताची चव लागली, की इतर डुकरेही त्या शेपटीमागे लागतात. जखम चिघळते. तिच्यातले जंतू पाठीच्या कण्यापर्यंत, कधी फुप्फुसांपर्यंतही पोहोचतात. जनावर लंगडते, खंगते, मरतेही.

हा काही डुकरांचा दुष्टपणा नव्हे. रिकामे नाक हे त्याचे मोठे कारण आहे, पण एकटे तेच नाही. गोठ्यात दाटी झाली, गव्हाणीपाशी सर्वांना एका वेळी जागा मिळाली नाही, फार उकाडा झाला किंवा गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, खाण्यात मीठ कमी पडले, दुखणे आले, तरी डुकरे बेचैन होतात आणि चावू लागतात.

हे आधी ओळखता येते का? येते. त्यासाठी शेपटीकडेच पाहायचे. खुशाल असलेल्या डुकराची शेपटी वर वळलेली असते. चावाचावी सुरू होण्याच्या काही दिवस आधीपासून कळपात खाली लोंबणाऱ्या किंवा मागच्या पायांत दडवलेल्या शेपट्या वाढू लागतात. डुकरे येरझाऱ्या घालतात, काहींचे खाणे कमी होते. एकाच डुकराची शेपटी खाली दिसली म्हणून लगेच घाबरायचे नाही. ते पेंगतही असेल! पण चार-पाच शेपट्या खाली दिसल्या, की राखणदाराने सावध व्हावे. २०१८ साली स्कॉटलंडच्या संशोधकांनी गोठ्यात कॅमेरे लावून या खाली गेलेल्या शेपट्या यंत्राकडून ओळखून दाखवल्या.

पुष्कळ ठिकाणी लोक दुसराच उपाय करतात. पिल्लू दोन-चार दिवसांचे असतानाच त्याची शेपटी कापतात. अमेरिकेत ही रीत सर्रास आहे. कापताना पिल्लाला दुखते. चावाचावी कमी होते हे खरे, पण डुकरांची बेचैनी तशीच राहते आणि ती सांगणारी शेपटी मात्र आखूड होते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे शेपट्या सरसकट कापता येत नाहीत. आधी गोठा सुधारावा लागतो आणि उकरायला, चघळायला काहीतरी द्यावे लागते. स्वीडन आणि फिनलंड या देशांत तर शेपटी कापण्यास बंदीच आहे.

शेपट्या खाली दिसल्या, की जाणता राखणदार प्रथम पेंढ्याचे दोन भारे गोठ्यात टाकतो. टांगलेली जाड सुती दोरीही चालते. मग तो पाणी, हवा आणि गव्हाण तपासतो. जखमी डुक्कर दिसलेच, तर त्याला वेगळे ठेवून औषध लावतो. चावणारे डुक्कर ओळखता आले, तर त्यालाही तो बाहेर काढतो. इकडे बाकीची डुकरे पेंढ्यात नाके खुपसून केव्हाच कामाला लागलेली असतात.