शोधयंत्रात आपले दुकान सापडते काय?

मोबाईलवर नुसता ‘कडा’ हा शब्द टाकून पाहावा. बहुधा मनगटात घालायची स्टीलची व चांदीची कडी पुढे येतील, नाहीतर एखादा डोंगरकडा येईल. आष्टी तालुक्यातील आपले बाजारपेठेचे गाव मागे कुठेतरी राहते. यंत्राला गाव कळत नाही, त्याला अक्षरे कळतात. म्हणून हे शोधयंत्र, ज्याला सर्रास सर्च इंजिन म्हणतात, कसे चालते हे व्यापारी व कारागीर बांधवांनी एकदा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पहिले शोधयंत्र १९९० साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात तयार झाले. त्याचे नाव आर्ची. बार्बाडोस बेटावरून शिकायला आलेल्या अॅलन एमटेज या विद्यार्थ्याने ते बनविले. कोणती फाईल कोणत्या संगणकावर पडून आहे एवढीच यादी ते ठेवीत असे. १९९४ मध्ये अमेरिकेत जेरी यांग व डेव्हिड फायलो यांनी याहू सुरू केले. ती माणसांनी हाताने लावलेली सूची होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, अल्टाव्हिस्टा आले व पानातील प्रत्येक शब्द शोधू लागले. त्या काळी त्याचा मोठा बोलबाला होता, २०१३ मध्ये ते बंद झाले.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते विदेश संचार निगममार्फत, १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि तेही मोजक्या महानगरांत. त्याच वर्षी मुंबईचे राजेश जैन यांनी इंडियावर्ल्ड सुरू केले होते. भारतीय संकेतस्थळांचा शोध घेणारे त्यांचे ‘खोज’ पुढे बरेच गाजले. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना विकत घेण्याचा सौदा सत्यम इन्फोवेने जाहीर केला, तेव्हा ‘पत्ता सांगण्याच्या धंद्यात’ एवढा पैसा असतो हे पुष्कळांना प्रथमच कळले. पण ज्याच्या घरी संगणक नाही त्याचे काय? त्याच्यासाठी १९९६ मध्ये मुंबईतच जस्ट डायल निघाले. फोन करून ‘मला प्लंबर पाहिजे’ म्हटले की पलीकडचा माणूस यादीतून नंबर वाचून दाखवी. आमच्या मते सामान्य माणसाचे पहिले शोधयंत्र हेच होय.

गूगल कंपनी १९९८ साली स्थापन झाली. लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांची युक्ती बाजारातल्या माणसाला चटकन समजेल अशी आहे. नवा गिऱ्हाईक कापड कुठून घ्यावे हे चार दुकानदारांना विचारतो आणि ज्याचे नाव पुन्हा पुन्हा निघते, तेही भरवशाच्या माणसांच्या तोंडून, तिकडे जातो. तसेच एखाद्या पानाकडे किती व कोणत्या पानांनी बोट दाखविले आहे, यावरून त्याचा क्रम लावायचा. प्रत्यक्ष काम तीन टप्प्यांत होते. यंत्र पाने गोळा करीत हिंडते, मुनीमाने खतावणी करावी तशी शब्दवार नोंद ठेवते, आणि कोणी विचारले की त्या नोंदीतून क्रम लावून देते. म्हणजेच जे कुठे लिहिलेलेच नाही ते त्याला सापडणे शक्य नाही.

मराठीची अडचण निराळीच होती. पुण्याच्या सी-डॅकने व श्रीलिपी बनविणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने संगणकावर सुंदर देवनागरी आणली. परंतु अनेक फॉन्टांत अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वेगवेगळे असत. डोळ्याला ‘दुकान’ दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांची खिचडी दिसे, त्यामुळे तो मजकूर शोधात येत नसे. युनिकोडचा वापर रुळल्यावर ही गाठ सुटली. आजही छापखान्यातील जुन्या फॉन्टात केलेली जाहिरात तशीच उचलून इंटरनेटवर टाकली तर ती शोधणाराला मिळणार नाही, आणि नुसता व्हिजिटिंग कार्डाचा फोटो टाकणे हाही पुरेसा उपाय नव्हे.

आता कामाचे बोलू. गादी पिंजणारे, कुशनवाले, वेल्डिंगवाले, मोटार रिवायंडिंग करणारे यांचे नाव आजवर तोंडोतोंडी चाले व ते आजही चालावेच. पण २०२२ च्या सप्टेंबरात नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन झाले. उतरणारा नवखा माणूस पानटपरीवर विचारण्याआधी मोबाईलला विचारतो. कांदा घेऊन निघालेला शेतकरीही आधी बाजारभाव मोबाईलवर पाहतो. अशा वेळी गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद असली तर गिऱ्हाईक थेट दारात येते. ही नोंद विनामूल्य आहे. ‘पैसे भरा, नाहीतर दुकान नकाशावरून काढू’ असा फोन आल्यास तो ठकाचा समजावा.

नोंद करताना दुकानाचे नाव मराठीत व रोमन लिपीतही द्यावे. पत्त्यात नुसते ‘कडा’ न लिहिता तालुका आष्टी, जिल्हा बीड व पिन कोड घालावा, कारण आष्टी नावाचा तालुका वर्धा जिल्ह्यातही आहे. ‘अमुक एंटरप्रायझेस’ एवढ्या नावावरून काहीच कळत नाही. गिऱ्हाईक ‘सोफा दुरुस्ती’ असे शोधतो, तेव्हा तेच साधे शब्द कामाच्या वर्णनात असावेत. नोंद स्वतःच्या ताब्यात घ्यावी हे सर्वांत महत्त्वाचे, कारण नकाशावरील माहितीत बाहेरचा माणूसही बदल सुचवू शकतो. २०१८ साली एका बँकेचे नकाशावरील नंबर ठकांनी बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात झाल्या होत्या.

यातच दुसरा धोका आहे. यादीत वर आलेला नंबर खराच असतो असे नाही. वरच्या जागा पुष्कळदा पैसे देऊन घेतलेल्या असतात व तेथे ‘प्रायोजित’ असे बारीक लिहिलेले असते. बँक, गॅस, कुरिअर यांचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधून फोन करणाऱ्यांची खाती अशाच बनावट नंबरांमुळे रिकामी झाली आहेत. दिवसभराचा गल्ला ज्या खात्यात जातो त्याच्या बाबतीत ही जोखीम घेऊ नये. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा, ओटीपी कोणालाही सांगू नये. २०२४ पासून गूगल काही प्रश्नांना यंत्राने तयार केलेले आयते उत्तर वर दाखविते. तेही चुकू शकते, म्हणून जीएसटीचा दर किंवा योजनेची मुदत सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहावी. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळविले तर ते रोखून धरता येण्याची शक्यता अधिक असते.