मूल वाढते कसे, हेही एक शास्त्र आहे



बारावीचा निकाल लागला की मुलीला पुढे कुठं घालावं याचा विचार घरोघर सुरू होतो. गृहविज्ञानाचे नाव निघाले की पुष्कळ पालक म्हणतात, "स्वयंपाक तर ती घरीच शिकते, त्याला कॉलेज कशाला?" हा गैरसमज दूर व्हावा म्हणून या शिक्षणातील एका विषयाची, म्हणजे बालविकास व कौटुंबिक जीवन या विषयाची, माहिती आम्ही येथे देत आहोत.

विषय नवा नाही. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ साली निघाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. आपल्या राज्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात हे शिक्षण मिळते. पूर्वी नुसते 'बालविकास' म्हणत; आता बऱ्याच ठिकाणी 'मानव विकास' म्हणतात, कारण गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंतचा अभ्यास त्यात येतो.

मग शिकवतात काय? पहिला धडा वाढ आणि विकास यांतील फरकाचा. वाढ तराजूवर आणि टेपने मोजता येते. जन्माचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. विकास म्हणजे पोराला नवीन काही जमू लागणे : मान धरणे, बसणे, बोलणे, दुसऱ्यासंगे खेळणे. यात प्रत्येक मुलाची चाल वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागली. तेव्हा शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपण जीव टांगणीला लावू नये. मात्र १८ महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर "चालेल की आपोआप" असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा धडा मुलाच्या विचाराचा. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांचा एक प्रयोग घरी करून पाहण्याजोगा आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घ्या. एका पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात ओता. चार वर्षांचे मूल बहुधा सांगेल, उंच ग्लासात पाणी जास्त आहे. ते खोटे बोलत नाही की मंदही नाही. तेवढी समज यायला साधारण सातवे वर्ष उजाडावे लागते. हे ठाऊक असलेला बाप त्या वयाच्या पोराला "एवढंही कळत नाही का?" म्हणून धपाटा घालणार नाही.

तिसरा धडा निरीक्षणाचा. विद्यार्थिनींना बालवाडीत बसवून मुलाने काय केले तेवढेच लिहायला लावतात. 'पोरगा हट्टी आहे' असे लिहून चालत नाही. 'चेंडू मागितला, मिळाला नाही, जमिनीवर बसून रडला' असे लिहावे लागते. शिक्का मारण्याआधी नीट पाहण्याची ही सवय संसारातही उपयोगी पडते. म्हणूनच घरातील नाती, सासर-माहेर, वृद्धांची देखभाल, आई-बापाच्या भांडणाचा मुलांवर होणारा परिणाम हेही या अभ्यासात येते.

याचा आपल्या कारखान्याशी काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे. गळीत हंगामात तोडणी कामगार बिऱ्हाडासह येतात. आई-बाप पहाटे फडात जातात. तान्हं मूल पाचटावर नाहीतर कोपीवर, आणि त्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण. एका वेळी दोघांचे बालपण करपते. ऊसकऱ्याला सांगायला नको की फुटव्याच्या वेळी पाणी-खत चुकले तर पुढे कितीही टाकून ती भर निघत नाही. पोराच्या पहिल्या वर्षांचेही तसेच आहे.

यावरची वाट आपल्याच मातीत निघालेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघांच्या साथीने पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या केंद्राला आपण अंगणवाडीच म्हणतो. पण अंगणवाडी चालवायला, पर्यवेक्षण करायला, मागे पडलेले मूल वेळीच ओळखायला शिकलेली माणसे लागतात. ती आपल्याच घरांतून का निघू नयेत?

म्हणून आमचे सांगणे असे. मार्क कमी पडले म्हणून किंवा लग्न जमेपर्यंत वेळ जावा म्हणून मुलीला या विषयाला घालू नका. तिला आवड असेल तर मानाने घाला. प्रवेशाच्या अटी, वसतिगृह व फी यांची चौकशी महाविद्यालयात निकालाआधीच करा. शिकून आलेल्या मुलीला पहिले काम कोपीवरच्या मुलांचे द्यावे, आणि त्यासाठी सावलीची जागा नि पाण्याची सोय आपण सभासदांनी उभी करावी. मोळी टाकण्याच्या दिवसाआधी हे झाले, तर यंदाच्या हंगामातच त्याचा उपयोग होईल.