ऑन-रोडच्या वरचा 'ऑन'

2025च्या दिवाळीआधी आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दोन-तीन रात्री एकच विषय चालला होता, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. भारतासाठी फक्त 100 गाड्या. 6 ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत संपलंसुद्धा. किंमत जाहीर झाली 17 तारखेला, 49 लाख 99 हजार. म्हणजे घेणाऱ्यांनी नेमकी किंमत कळायच्या आधीच नंबर लावला होता! मेसच्या बिलात पन्नास रुपये वाढले तर वॉर्डनच्या केबिनपर्यंत मोर्चा नेणारे आम्ही, हे ऐकून गपगार झालो. मग मेकॅनिकलच्या एका सिनिअरने विचारलं, "यातली एखादी आज विकली तर वर किती मिळतील रे?"

या 'वर'ला बाजारात 'ऑन' म्हणतात. मला तो शब्द दोन वर्षं आधी कळला होता, आमच्या चुलतभावामुळे.

आमचं गाव पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर. काकांची धानाची शेती, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर हिशोबाचं काम. दादा कोळसा खाणीत नोकरीला. त्याला एक गाडी मनात भरली होती, टर्बो पेट्रोल, नेहमीच्या मॉडेलपेक्षा जास्त ताकदीची, कंपनीने मोजक्याच काढलेली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तर दादा म्हणाला, चल सोबत, तेवढीच सैर. काकाही निघाले. शोरूम कोणतं ते इथे सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही.

तिथल्या पोराने छापील कोटेशन दिलं. एक्स-शोरूम 14 लाख (जीएसटी त्यातच). त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स: 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 1 लाख 68 हजार. 10 लाखांच्या वरची गाडी म्हणून 1 टक्का टीसीएस, 14 हजार. हा टीसीएस आपल्या नावावर जमा होतो आणि इन्कम टॅक्सच्या हिशोबात धरता येतो, हे दादाला मी त्याच दिवशी सांगितलं (तेवढाच माझा उपयोग). मग विमा, नोंदणी वगैरे. इथपर्यंत सगळं कागदावर. 'कधी मिळेल?' म्हटल्यावर उत्तर आलं, आठ महिने. आणि मग त्याने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड उलटं करून त्यावर पेन्सिलीने लिहिलं: 1. म्हणजे एक लाख. चाळीस हजारांच्या ॲक्सेसरीज, साठ हजार रोख, गाडी पंधरा दिवसांत.

काकांनी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "पत्त्याचा लिलाव होते तर बोली साऱ्यांसमोर लागते. हे कोनती बोली होय बाबू?"

बोर्डाच्या परीक्षेतही मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. ज्यांना तेंदूपत्ता माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 70 पानांचं एक पुडकं, 1000 पुडक्यांचा एक मानक बोरा. हंगामाच्या आधी जंगलाच्या एकेका घटकाचा लिलाव होतो. गडचिरोलीत तर अनेक ग्रामसभा स्वतःच विक्री करतात. माल मर्यादित, घेणारे जास्त, म्हणून भाव चढतो. पण चढलेला भाव कागदावर असतो, कोणाला किती गेले ते गावाला कळतं.

गाडीतही मुळात हेच आहे. किंमत ठरलेली, संख्या ठरलेली, आणि त्या किमतीला घ्यायला तयार असलेले लोक संख्येपेक्षा जास्त. मधली ती फट भरायला काहीतरी लागतंच. कधी वेळ जातो, कधी पैसा. प्रश्न फक्त एवढा की तो पैसा कोणाच्या खिशात जातो आणि पावती मिळते की नाही.

आपल्या महाराष्ट्राने हे फार आधी पाहिलंय. 1972 साली बाजारात आलेली बजाज चेतक आठवा, म्हणजे वडिलांना आठवायला सांगा. आकुर्डीच्या कारखान्याने किती स्कूटरी काढायच्या ते दिल्लीच्या लायसन्सवर ठरायचं. मागणी मात्र लायसन्स बघून वाढत नाही. नंबर लागायला दहा-दहा वर्षं गेलेली माणसं होती. ज्याचा नंबर लागला तो स्कूटर न वापरताच दुसऱ्याला जास्त पैशांत द्यायचा. त्या काळी 'ऑन' कारखान्यालाही मिळत नव्हता आणि सरकारलाही नाही, मधल्यामध्ये जिरायचा. उत्पादन वाढलं, स्पर्धा आली, तसा तो आपोआप गेला.

आताच्या परफॉर्मन्स गाड्यांची टंचाई वेगळ्या कारणाची. बाहेरून तयार येणारी गाडी पूर्ण इथल्या चाचण्यांतून काढायची तर खर्च मोठा (पुण्याच्या एआरएआयचं नाव ऑटोमोबाईल घेणाऱ्यांना सांगायला नको). 2018च्या नियमाने कंपनीला वर्षाला 2,500 पर्यंत गाड्या या कटकटीशिवाय आणता येतात. म्हणून मग 100 आणा, 150 आणा, असं चालतं. पण संख्या कमी म्हणजे ऑन आलाच, असंही नाही हं! 2016 साली फोक्सवॅगनने पोलो जीटीआयच्या 99 गाड्या आणल्या, किंमत 25 लाखांच्या वर. साधी पोलो चाकणला बनायची, ही बाहेरून आलेली. पुढच्या वर्षी किंमत 20 लाखांच्या आसपास उतरवावी लागली. ज्याने आधी घेतली त्याला काय वाटलं असेल!

उलट उदाहरण नाशिकला बनणाऱ्या थारचं. 2020 साली नव्या थारची पहिली गाडी कंपनीने ऑनलाइन लिलावात काढली. साधारण 10 ते 14 लाखांची गाडी, बोली गेली 1 कोटी 11 लाखांवर. हासुद्धा ऑनच, पण उघड्यावरचा. आणि ते पैसे मदतकार्याला गेले.

अमेरिकेत डीलर हे राजरोस करतो. तिथे 1958च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेल्या किमतीचा कागद लावावाच लागतो. डीलर शेजारी स्वतःचा दुसरा कागद लावून वर हजारो डॉलर मागतो. आवडलं नाही तर निघा. फोर्डने आपल्या जीटी गाडीपुरता वेगळा उपाय केला होता, घेणाऱ्याकडून दोन वर्षं न विकण्याचा करार. आमच्या विंगचा देव जॉन सीना याने ती लवकर विकली, तर 2017 साली फोर्डने त्याच्यावर दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

आपल्याकडे गाडी पाकिटात येत नाही, त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यासारखी तिच्यावर एमआरपी नसते. कायदा आहे तो वेगळ्या बाजूने. 2021च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने मारुतीला 200 कोटींचा दंड केला, कारण डीलरने ठरलेल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये म्हणून कंपनी खोटे ग्राहक पाठवून तपासायची. तक्रार मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या भागातूनच गेली होती, निनावी ईमेलने. (अपिलात दंडाला स्थगिती मिळाली.) म्हणजे स्वस्त विकू नको हे पाहायला माणसं होती! महाग विकू नको हे पाहायला कोणी येतं का, ते मला तरी दिसलेलं नाही.

तरी हातात काहीच नाही असं नाही. एक वस्तू द्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अट 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हणून नोंदलेली आहे. ॲक्सेसरीजची सक्ती त्यातच येते. विमा त्याच शोरूममधून घ्या असा आग्रह धरता येत नाही, विमा नियामकाची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. पण खरं सांगू? दादाला हे सगळं त्याच टेबलावर ऐकवलं, तर तो म्हणाला, "आठ महिने तू थांबशील का?" त्याने पैसे दिले. त्या एका लाखासाठी त्याने 9 टक्क्यांनी पाच वर्षांचं वेगळं कर्ज काढलं. हप्ता 2,076, एकूण परतफेड 1 लाख साडेचोवीस हजार. मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, त्याने बघितलं नाही.

गाडी खरंच पंधराव्या दिवशी आली. मूल रोडवर मीही चालवली, खोटं कशाला बोलू, मजा आली. रात्री काका विम्याचा कागद घेऊन बसले. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या जाहीर किमतीवरून काढतात. पहिल्या सहा महिन्यांसाठी त्यातून 5 टक्के वजा. 14 लाखांचे 13 लाख 30 हजार. चाळीस हजारांच्या ॲक्सेसरीजचं निदान बिल होतं. उरलेल्या साठ हजारांचं काहीच नव्हतं.

काकांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. "तू इंजिनेर होऊन रायला ना, मंग सांग. पेन्सिलीचे कुठी लिहिले आहेत याच्यात?"