कोबे : पायी पाहावे असे शहर

[जपानमधील कोबे हे एक मोठे बंदर आहे. व्यापारासाठी आलेल्या अनेक देशांच्या लोकांनी तेथे घरे बांधली, प्रार्थनास्थळे उभारली. १९९५ च्या भूकंपात या शहराची फार मोठी हानी झाली; पण ते पुन्हा उभे राहिले. या पाठात आपण कोबे शहराची पायी सफर करणार आहोत.]

नव्या शहरात माणसाला दिशा समजत नाही. कोबेत मात्र वाट चुकणे अवघड आहे. शहराच्या उत्तरेला रोक्को डोंगराची रांग आहे, दक्षिणेला समुद्र आहे आणि या दोहोंच्या मध्ये एक लांबट, अरुंद शहर पसरलेले आहे. तेथे पत्ता विचारला, तर लोक 'डोंगराच्या बाजूला' किंवा 'समुद्राच्या बाजूला' असे सांगतात. चढ लागला, की आपण डोंगराकडे निघालो. उतार लागला, की समुद्राकडे! म्हणून येथे वाटाड्या नसला तरी चालते. हातात एक नकाशा असावा, पायात मऊ बूट असावेत आणि अर्धा दिवस मोकळा असावा.

चला तर, सान्नोमिया या रेल्वे स्टेशनपासून निघू या.

स्टेशनजवळच इकुता हे शिंतो धर्माचे फार जुने देवस्थान आहे. आजूबाजूला दुकानांची गर्दी आहे. पण देवस्थानाच्या मागे थोडी झाडी अजून राखलेली आहे. पूर्वी या देवस्थानाची सेवा करणाऱ्या कुटुंबांना 'कानबे' म्हणत. त्यावरूनच शहराला कोबे हे नाव मिळाले.

आता डोंगराच्या बाजूला वळू या. थोडे चालल्यावर दोन उंच मिनार आणि एक घुमट दिसतो. ही कोबेची मशीद. जपानमध्ये आज उभ्या असलेल्या मशिदींत ही सर्वांत जुनी आहे. ती १९३५ साली बांधून झाली. इतक्या दूर, जपानमध्ये, ही मशीद कोणी बांधली असेल?

याचे उत्तर बंदरात आहे. सतराव्या शतकापासून दोनशेहून अधिक वर्षे जपानची दारे परदेशी लोकांना जवळजवळ बंद होती. पुढे एकेक बंदर उघडू लागले. १ जानेवारी १८६८ रोजी कोबेचे बंदर परदेशी जहाजांसाठी खुले झाले. १८९३ साली एका जपानी कंपनीने कोबे ते मुंबई अशी आगबोट सुरू केली. आपल्याकडचा कापूस या बोटींतून जपानच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. भारतीय व्यापारीही कापडाच्या व्यापारासाठी जपानमध्ये राहू लागले. १९२३ साली योकोहामा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. रशियातून बाहेर पडलेले तातार मुसलमानही येथे राहत होते. भारतीय, तातार आणि इतर देशांच्या मुसलमानांनी देणग्या जमवल्या आणि मशीद उभी केली. तिचा आराखडा चेक देशाच्या एका वास्तुशिल्पकाराने केला. जमीन जपानची, पैसा अनेक देशांच्या लोकांचा आणि आराखडा युरोपातल्या माणसाचा!

१९४५ साली महायुद्धात कोबेवर बाँबचा वर्षाव झाला. आजूबाजूची घरे जळून गेली. पण मशीद उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही ती टिकली. तिचे बांधकाम लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे आहे. आजही शुक्रवारी येथे निरनिराळ्या देशांचे लोक एका रांगेत नमाज पढतात.

मशिदीच्या वरच्या बाजूला किटानो हा चढणीचा भाग लागतो. येथे जुन्या काळच्या परदेशी लोकांची घरे आहेत. एका जर्मन व्यापाऱ्याचे घर लाल विटांचे आहे. त्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आहे. त्याच्या शेजारचे फिकट हिरवे घर १९०३ साली अमेरिकेच्या वकिलासाठी बांधले होते. भूकंपात या घराची विटांची धुरांडी खाली कोसळली. घराची दुरुस्ती झाली. पण कोसळलेली धुरांडी बागेत तशीच ठेवली आहे. येणारा प्रत्येक जण ती पाहतो.

याच भागात पांढऱ्या संगमरवराचे एक जैन मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी भारतातून आलेल्या जैन कुटुंबांनी ते १९८५ साली बांधले. मशीद आणि जैन मंदिर यांमधील अंतर पायी काही मिनिटांचे आहे.

आता उतार धरू या, म्हणजे समुद्राच्या बाजूला. स्टेशन ओलांडून खाली गेले, की हिगाशी-युएन्ची नावाची बाग लागते. पूर्वी हे परदेशी लोकांच्या खेळांचे मैदान होते. येथे काचेच्या पेटीत एक छोटी ज्योत सतत जळत असते. तिच्यापाशी क्षणभर थांबू या.

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटे झाली होती. लोक झोपेत होते. अचानक जमीन हादरली. घरे कोसळली, उंचावरून जाणारा मोठा रस्ता आडवा झाला, ठिकठिकाणी आगी लागल्या. या भूकंपात ६,४३४ माणसे मरण पावली. कित्येकांना शेजाऱ्यांनीच हातांनी ढिगारे उपसून बाहेर काढले. देशभरातून लाखो लोक, त्यांत पुष्कळ तरुण, मदतीला धावून आले. दरवर्षी १७ जानेवारीला पहाटे लोक या बागेत जमतात, दिवे लावतात आणि ५ वाजून ४६ मिनिटांनी स्तब्ध उभे राहतात.

बागेच्या पश्चिमेला सरळ, रुंद रस्त्यांचा भाग आहे. बंदर खुले झाल्यावर परदेशी लोकांची वसाहत येथे वसली. तिच्या १२६ भूखंडांपैकी १५ क्रमांकाच्या भूखंडावर १८८० च्या सुमारास बांधलेली एक इमारत आहे. भूकंपात ती पार कोसळली. लोकांनी तिचे लाकूड व इतर भाग वेचून जपून ठेवले आणि १९९८ साली त्यांतूनच इमारत पुन्हा उभी केली.

वसाहतीला लागूनच चिनी लोकांची नानकिनमाची ही पेठ आहे. सुरुवातीला चिनी लोकांना वसाहतीत राहण्याची परवानगी नव्हती. म्हणून ते तिच्या बाहेर राहिले. आज त्यांच्या पेठेत वाफाळलेले पदार्थ घेण्यासाठी जपानी लोकांच्या रांगा लागतात.

आणखी थोडे चालले, की समुद्र! किनाऱ्यावर डमरूच्या आकाराचा १०८ मीटर उंच लाल मनोरा आहे. या बंदरात जसे परके लोक आले, तसे येथून जपानी लोकही परदेशी गेले. १९०८ साली सुमारे ७८० जपानी माणसे येथून बोटीने ब्राझीलला पोट भरण्यासाठी गेली. त्यांच्या आठवणीसाठी किनाऱ्यावर पुतळे उभारले आहेत.

सफरीचा शेवटचा थांबा जवळच आहे. सारे बंदर दुरुस्त झाले. पण धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा भाग मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. तडे गेलेली जमीन पाण्यात खचलेली आहे, दिव्यांचे खांब कलले आहेत. मागे नवे, चकचकीत शहर आणि पुढे हा मोडका धक्का! भूकंपानंतर जन्मलेली मुले येथे येऊन उभी राहतात आणि वडीलधाऱ्यांना विचारतात, "हे असे का ठेवले आहे?" मग वडीलधारी माणसे त्यांना त्या पहाटेची हकीकत सांगतात. मुलांनी हे विचारावे, म्हणूनच तो धक्का तसा ठेवला आहे.

शब्दार्थ
वाटाड्या – रस्ता दाखवणारा, रहबर
उद्ध्वस्त – पूर्ण मोडलेले, बरबाद
देणगी – मदत म्हणून दिलेला पैसा, चंदा
आराखडा – इमारतीचा नकाशा
वकील – (येथे अर्थ) परदेशात नेमलेला सरकारी प्रतिनिधी
धुरांडी – धूर बाहेर जाण्याची उंच नळी
ढिगारा – पडलेल्या वस्तूंचा ढीग, मलबा
स्तब्ध – न हलता, शांत
धक्का – (येथे अर्थ) जहाजे लागण्याची जागा

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोबेतील लोक पत्ता कसा सांगतात?
(आ) कोबेची मशीद कोणत्या साली बांधून झाली?
(इ) चिनी लोक वसाहतीच्या बाहेर का राहिले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोबेची मशीद उभारण्यात कोणाकोणाचा वाटा होता?
(आ) १७ जानेवारीला लोक बागेत काय करतात? का?
(इ) धक्क्याचा मोडका भाग दुरुस्त करायला हवा होता, असे तुम्हांला वाटते का? कारण लिहा.

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा. – चढ, परका, अरुंद, जुना

प्र. ४. पाठात आलेले मिनार, बंदर, नकाशा, जमीन हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी चार शब्द पाठातून शोधा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम – आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील पाच जुन्या जागा निवडा. त्यांचा नकाशा काढा. प्रत्येक जागेची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.