प्रक्रियकांमधील संदेशवहन

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, तेरेखोल खाडीच्या काठी आरोंदा हे गाव वसले आहे. पैलतीरी गोव्यातील किरणपाणी. पूर्वी पलीकडे जावयाचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागे. आता तेथे पूल आहे. गावे होती तेथेच आहेत, बदलली ती मधली वाट. अनेक प्रक्रियक जोडून केलेल्या संगणकातही अशा वाटेलाच महत्त्व असते.

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना 1988 मध्ये झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' हे प्रक्रियक योजिले होते. शेजारी प्रक्रियकांशी संपर्क साधण्यासाठी प्रत्येकाला चार जोडमार्ग असत. प्रत्येक मार्गावर जाणारी एक व येणारी एक, अशा दोनच तारा. एक बाइट पाठविल्यावर पोच मिळाल्यावाचून पुढचा बाइट निघत नसे.

विकासकार्यासाठी प्रक्रियक व स्मृती लहान पट्टीवर बसवून ती पट्टी मदरबोर्डावरील जागेत खोवीत. सर्वांत लहान पट्टीला 16 पिना असत. त्यांपैकी 8 जोडमार्गांच्या. बाकीच्या वीजपुरवठा, घड्याळाचे स्पंद, पुनरारंभ, दोषसूचना इत्यादींसाठी. मोठी पट्टी अनेक जागा व्यापी. तिच्यावर लहान पट्ट्या रचण्याचीही सोय असे.

इन्मॉसच्या 'बी 008' मदरबोर्डावर अशा 10 जागा होत्या. प्रत्येक जागेचे दोन जोडमार्ग पुढच्या-मागच्या जागांशी साखळीने जोडलेले असत. उरलेले दोन 32 आगम व 32 निर्गम असलेल्या स्विचकडे जात. स्विचची जोडणी आज्ञावलीने बदलता येई, साखळीची नाही. म्हणून एखादी जागा रिकामी राहिली की साखळी तेथेच तुटे आणि पुढचे प्रक्रियक शाबूत असूनही निरुपयोगी ठरत. रिकाम्या जागी मार्ग सांधणारा लहानसा जोड बसविणे हाच त्यावरील उपाय होता.

दूरच्या प्रक्रियकाकडे जाणारा संदेश मधल्या प्रत्येकाला स्वतःचे काम थांबवून पुढे ढकलावा लागे. तेव्हा वारंवार संवाद साधणारे प्रक्रियक शेजारी ठेवणे हितावह ठरे.

ट्रान्सप्युटरचे उत्पादन पुढे थांबले. त्याने दिलेला धडा मात्र टिकून आहे. प्रक्रियकांची संख्या वाढविल्याने संगणकाची शक्ती आपोआप वाढत नाही. त्यांच्यामधील वाटा अखंड व आखूड असाव्या लागतात.